बुरोंडीमार्गे अमेरिका

शनिवारी सकाळी साडेसहाला प्रसादची गाडी माझ्या फाटकाशी थांबली, तेव्हा मी पायरीवर तयार बसले होते. पिशवीत पाण्याची बाटली, डबाभर चकल्या, एक वही, दोन पेनं आणि रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा. "बाई, नकाशा मोबाइलमध्ये आहे," प्रसाद म्हणाला. "असू दे. जयगडच्या पुढे तुझ्या मोबाइलला काही दिसत नाही," मी म्हटलं आणि पुढच्या सीटवर बसून नकाशा मांडीवर उलगडला. आम्ही दोघं अमेरिकेचा अभ्यास करायला निघालो होतो, आणि त्यासाठी आम्हाला किनाऱ्याने उत्तरेकडे, दापोलीच्या दिशेने जायचं होतं.

हे जरा नीट सांगायला हवं. मी चौतीस वर्षं रत्नागिरीत शाळेत भूगोल शिकवला. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि पाठोपाठ आमचे हे गेले. मुलगा निखिल ओहायोत असतो. तीन वर्षांपूर्वी त्याचं लग्न मोडलं. त्या विषयावर तो बोलत नाही, मीही विचारत नाही. मी कायमचं तिकडे राहायला यावं म्हणून त्याने सगळे कागद केले आहेत. मुंबईतल्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घ्यायची की नाही, एवढंच मी महिनाअखेरपर्यंत सांगायचं होतं. दर रविवारी फोनवर त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "आई, तू तिथे एकटी असतेस, मला बरं वाटत नाही." आणि माझंही ठरलेलं, "बघू."

आता नकाशा बघितल्याशिवाय मी कधी चिपळूणलाही गेलेली नाही. तेव्हा अमेरिकेत उरलेलं आयुष्य घालवायचं तर आधी तिचा अभ्यास करावा, म्हणून मी गावातल्या एका कॉलेजात नाव घातलं. 'अमेरिकन समाज आणि संस्कृती' हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य आणि समाजशास्त्र अशा चार विषयांचे चार प्राध्यापक मिळून एक अमेरिका शिकवतात, आणि चौघांची अमेरिका वेगळी. इतिहासाच्या सरांकडे सारख्या लढाया चालू असतात, अर्थशास्त्राच्या मॅडमच्या अमेरिकेत सगळे हप्ते फेडत असतात, साहित्यवाल्या सरांचा प्रत्येक अमेरिकन एकटाच कुठेतरी गाडी चालवत निघालेला असतो. समाजशास्त्र शिकवतो प्रसाद. हा आठवीत माझा विद्यार्थी होता. वर्गात मी त्याला सर म्हणते, वर्गाबाहेर अरे-तुरे. त्यामुळे त्याची पंचाईत होते, माझी होत नाही.

शेवटच्या महिन्यात प्रत्येकाने क्षेत्रभेट करायची असते. अमेरिका परवडणारी नाही, म्हणून अमेरिकेशी ज्यांचा संबंध आला अशी आपल्या जिल्ह्यातली माणसं गाठायची आणि त्यांना एकच प्रश्न विचारायचा. माझा प्रश्न होता, "संध्याकाळी तुमच्याकडे न बोलावता कोण येतं?"

"बाई, प्रश्न जरा मोजता येईल असा हवा," आरे-वारेचा चढ चढताना प्रसाद म्हणाला.

"आठवीत तुला अक्षांश-रेखांश मोजता येत नव्हते. आता मला मोजायला शिकवतोस?"

तो हसला. खरं सांगायचं तर प्रश्न साधा नव्हता. मला निखिलला 'नाही' म्हणायचं होतं, आणि नुसतं नाही म्हणवत नव्हतं. पुरावा हवा होता. तिथे कोणी कोणाकडे जात-येत नाही, दारं लावून बसतात, असं तीन माणसांच्या तोंडून वहीत उतरवून घेतलं की माझं काम झालं असतं.

जानेवारीचे दिवस. खाली समुद्र अजून राखाडी होता आणि वर सड्यावर (जांभ्या दगडाचं उघडं पठार) वाळकं गवत दवाने वाकलं होतं. कलमांना मोहोर चांगला धरला होता. काच खाली केली की मोहोराचा वास आत यायचा आणि मग प्रसाद शिंकायचा, म्हणून मी ती पुन्हा वर करायची. असं करत नऊच्या सुमाराला आम्ही मालगुंडला पोचलो.

तिथे विनय नावाचे गृहस्थ भेटणार होते. वीस वर्षं न्यू जर्सीत, दर जानेवारीत महिनाभर गावच्या घरी. माडांमधून आत गेल्यावर घर दिसलं. नवी कौलं, नवा रंग, सारवलेलं अंगण, पण पुढचं दार बंद. प्रसाद बेल शोधायला लागला. मी म्हटलं, कोकणात पुढचं दार बंद असलं म्हणजे घरात माणसं नाहीत असं नसतं, ती मागच्या पडवीत असतात. चपला काढल्या आणि सरळ घराला वळसा घालून मागीलदारी गेले. विहीर, धुण्याचा दगड, अळवाचे वाफे. "आहे का घरात कोणी?" मी हाक मारली.

"कोण पाहिजे?" अगदी जवळून पुरुषाचा आवाज आला.

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. माणूस नाही. आवाज विहिरीच्या बाजूने आला असं वाटून मी धावत जाऊन आत डोकावले. "अहो, पडलात की काय?" मी ओरडले.

"मी विहिरीत नाही. वर बघा. वाशाला कॅमेरा आहे."

वाशाला खरंच पांढरा, मुठीएवढा कॅमेरा होता. विनय न्यू जर्सीतच होते. रजा ऐन वेळी रद्द झाली आणि प्रसादला कळवायचं राहून गेलं. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. झोपण्याआधी रोज ते फोनवर आपल्या घराचं अंगण बघत बसतात, त्यात आज मी आले. मी फार ओशाळले. न विचारता लोकांच्या मागीलदारी शिरले म्हणून माफी मागितली.

"माफी कसली मागता?" कॅमेरा म्हणाला. "चार वर्षं हा कॅमेरा लावलाय. पुढच्या दारी पोस्टमन येतो, मीटर बघणारा येतो, अंगण सारवणारी येते. मागीलदारी हाक मारत आलेल्या तुम्ही पहिल्याच."

मग वाशाकडे मान वर करून मी माझा प्रश्न विचारला. "इथे आधी ठरवून येतात. येतात, चांगले असतात, वेळेवर जातात," ते म्हणाले. "न बोलावता म्हणाल तर कोणी नाही." मी वहीत लिहून घेतलं. एक पुरावा झाला.

आम्ही निघायला लागलो तसे ते म्हणाले, "बाई, घाई नसेल तर पडवीत थोडं बसाल का? काही बोलू नका हवं तर. बसलेलं माणूस दिसलं म्हणजे पुरे."

आम्ही पडवीच्या कठड्यावर बसलो. प्रसादने चकल्यांचा डबा उघडला. एक भारद्वाज माडाच्या बुंध्याशी फिरत होता. वर कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका तसाच पेटलेला. पंधरा-वीस मिनिटांनी "बरं झालं आलात" एवढं ऐकू आलं आणि ठिपका विझला.

जयगडला फेरीबोट (गाड्या पलीकडे नेणारी मोठी होडी) लागलेलीच होती. पलीकडे तवसाळ, मध्ये शास्त्री नदीचं रुंद मुख. पाण्यावर ऊन चढलं होतं आणि कठड्याला टेकून उभं राहिलं की डोळे दिपत होते. पलीकडे फळी खाली पडली, सगळ्या गाड्या सुरू झाल्या, आमची सोडून. बॅटरी संपली होती. प्रसाद किल्ली फिरवत बसला आणि मागच्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. तेवढ्यात दोन कोळणी टोपल्या खाली ठेवून पुढे आल्या, मागून एक रिक्षावाला आला, एका लग्नाच्या वऱ्हाडातले चौघं आले आणि सगळ्यांनी मिळून गाडी धक्क्यावर ढकलली. "मास्तर, गियर टाक नि सोड!" रिक्षावाला ओरडला. गाडी सुरू झाली. आभार मानायला मी मागे वळले तर ढकलणारे आपापल्या वाटेला लागले होते, म्हणून उरलेल्या चकल्या एका कोळणीच्या टोपलीत ठेवल्या.

दुपारी तीनला अंजनवेल. गोपाळगडाच्या तटावरून एका बाजूला समुद्र आणि दाभोळची खाडी दिसते, दुसऱ्या बाजूला वीज प्रकल्पाची धुराडी. प्रकल्प उभा राहत होता त्या काळात इथे परदेशी इंजिनिअर होते आणि त्यातल्या दोन अमेरिकनांच्या घरी दत्ताराम स्वयंपाकी होता. आता तो साठीच्या पुढे आहे. गडाच्या पायथ्याशी त्याचं छोटं हॉटेल आहे. आम्ही बसतो तोच त्याने तव्यावर काहीतरी ओतलं आणि दोन बशा आणून ठेवल्या. जाड, गुबगुबीत घावन, वर गुळाचा पाक.

"अमेरिकन पदार्थ हाय," दत्ताराम म्हणाला. "साहेबांनी शिकवला."

"अरे, हे घावनच आहे."

"घावन तांदळाचं. ह्यात मैदा नि अंडं. साहेब सकाळी उठून हेच मागायचे. त्यांना मी एकदा आपलं घावन घातलं, तर साहेब बोलले, दत्ता, हा पातळ का झाला?"

चव बरी होती. दोन खाल्ली आणि मग प्रश्न विचारला. दत्तारामने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले.

"न बोलावता? छे! समोरच्या बंगल्यातून ह्या बंगल्यात यायचं, तरी आधी फोन. मला हसू यायचं. दहा पावलं चालायला फोन कशाला? पण एक सांगतो बाई. आलेला पाहुणा जेवला की उठायचा नि भांडी विसळायला उभा राहायचा. मी बोलायचो, साहेब, राहू द्या, माझी नोकरी जाईल. ऐकायचे नाहीत. आमच्या भावकीतले इतकी वर्षं न सांगता येतायत, एकानं कधी पेला उचलून ठेवला नाही."

प्रसाद इतका हसला की त्याला ठसका लागला. मी वहीत फक्त पहिला अर्धा भाग लिहिला. भांड्यांचं लिहिलं नाही, आणि लिहिलं नाही हे प्रसादने बघितलं.

रात्री गुहागरला एका घरगुती जेवण-राहण्याच्या ठिकाणी उतरलो. भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. प्रसादने नवी बॅटरी बसवून घेतली. जेवताना तो म्हणाला, "बाई, एक बोलू? तुम्ही उत्तर आधी ठरवून आला आहात. आम्ही परीक्षेत असं केलं की तुम्ही शून्य द्यायचात." मी त्याला भात वाढून घे म्हणाले.

रविवारी सकाळी धोपाव्याहून दुसऱ्या फेरीबोटीने दाभोळ आणि तिथून डोंगरातल्या वळणांनी बुरोंडी. गावात शिरायच्या आधीच सुक्या मासळीचा वास येतो. वाळूवर बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकत होते, होड्या ओढून ठेवल्या होत्या. अनसूयाबाईंचं घर किनाऱ्यालगतच्या आळीत. वय सत्तरीचं, हातात हिरवा चुडा, पाटावर बसून कोलंबी सोलत होत्या. त्यांचा मुलगा आधी बोटीवर होता, मग टेक्सासच्या किनाऱ्यावर जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. नातवाला सांभाळायला त्या तीन वर्षं तिकडे राहून परत आल्या.

"बस बाय. वास येल हां हाताचा," त्या मला म्हणाल्या. मी खाली बसले आणि एक कोलंबी उचलून सोलायला लागले. नुसतं बसून प्रश्न विचारणं बरं दिसेना.

"संध्याकाळी तिकडे तुमच्याकडे न बोलावता कोण यायचं?"

"कोन नाय," त्या म्हणाल्या. मी वहीकडे हात नेला, तोच त्या पुढे बोलल्या, "पयला म्हयना कोन नाय. खिडकीत बसून र्‍हायची नि रस्ता बघायची. मानूस नाय नि कुत्रा नाय. मंग इचार केला, ह्यांना ठावं नाय तर आपन दावायचं. बांगडं तळलं, बशीत घातलं नि समोरच्या दारावर थाप मारली. म्हातारी व्हती, माज्याच वयाची. तिनं दार उघडलं, बशी बघितली, माजं तोंड बघितलं नि रडायलाच लागली. मी बोलली, हिला तिखट लागलं की काय! पन खाल्लं तर नव्हतं अजून."

"मग?"

"मंग काय. रोज चार वाजता यायची. मला तिची भाषा येत नाय, तिला माजी येत नाय. ती तिचं बोलायची, मी माजं बोलायची. दोन वर्सं बसलो आमी अशा. तिला बांगडा लय आवडायचा, काटं काडून द्यायची मी."

"आणि परत का आलात? करमेना म्हणून?"

"छ्या! नातू शाळंत जायला लागला, माजं काम सरलं. हितं दर्या हाय माजा. भांडून नाय आली, खुशीत आली. निघताना ती म्हातारी गाडीपाठनं चालत आली कोपऱ्यापोत." अनसूयाबाईंनी सोललेल्या कोलंब्या पाण्यात टाकल्या आणि माझ्याकडे बघितलं. "आनि तुज्याकडं गो? रत्नागिरीत? सांजंचं कोन येतं?"

'पुष्कळ येतात' असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग मनात एकेक मोजायला लागले. गॅसवाला येतो, पण सकाळी. पार्सलवाला येतो, तो फाटकातूनच वस्तू देतो. शेजारच्या घराची इमारत झाली, तिच्यात आठ कुटुंबं आहेत, त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. डास येतात म्हणून मी सहाला दार लावते, कडी घालते आणि टीव्ही लावून बसते. मीही चार वर्षांत कोणाच्या दारावर थाप मारलेली नाही. ज्यांची मुलं मी शिकवली अशी शंभर घरं गावात असतील.

"कोणी नाही," मी म्हटलं.

प्रसाद खाली बघत होता. अनसूयाबाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. "मंग जेऊनच जा," त्या म्हणाल्या. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील. मी पोटभर जेवले, आणि जेवण झाल्यावर उठून ताटं घासली. अनसूयाबाई ओरडल्या, पण मी ऐकलं नाही.

मग परत फिरलो. दाभोळची खाडी ओलांडली, गुहागर मागे पडलं, तवसाळला बोटीसाठी अर्धा तास थांबावं लागलं. मी वही उघडून दत्तारामचं भांड्यांचं उरलेलं उत्तर लिहिलं, अनसूयाबाईंचं लिहिलं आणि शेवटी माझं स्वतःचंही लिहिलं. पुरावा म्हणून जमवायला गेलेलं सगळं आता माझ्याच अंगावर आलं होतं. पण निखिलला काय सांगायचं ते तरीही सुचत नव्हतं. रत्नागिरीत कोणी येत नाही म्हणून ओहायोत जायचं, हेही काही कारण झालं नाही. इथे मी थाप मारायला लागले तर दारं उघडतील, एवढी खात्री मला त्या बोटीवरच झाली होती.

घरी पोचले तेव्हा सात वाजले होते. दिवा लावला, पाय धुतले. निखिलचा फोन आला. त्याच्याकडे रविवारची सकाळ. प्रवास कसा झाला, काय खाल्लं, गाडी बंद कशी पडली, सगळं झालं. मग नेहमीसारखं, "आई, तू तिथे एकटी असतेस." यावर मी 'बघू' म्हणायचं असतं.

"निखिल, तुला एक विचारू?" मी म्हटलं. "संध्याकाळी तुझ्याकडे न बोलावता कोण येतं रे?"

सहा महिने मी अमेरिका शिकले, दोन दिवस जिल्हाभर हा प्रश्न घेऊन हिंडले, कॅमेऱ्यालासुद्धा विचारला. माझ्या मुलाला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

तो हसला, पण हसू पुरं झालं नाही. "कोण येणार, आई? गेल्या आठवड्यात बेल वाजली होती. मी दचकलोच. टीव्हीचा आवाज बंद करून गप्प बसून राहिलो. वाटलं, चुकून वाजली असेल. थोड्या वेळाने उघडलं तर खरंच चुकूनच होती. शेजारच्यांकडे आलेला माणूस होता."

"लग्न मोडल्यापासून असंच आहे?"

"राहू दे ना, आई."

तीन वर्षं दर रविवारी तो 'तू एकटी असतेस' म्हणत होता, आणि मी ते माझ्याबद्दल आहे असं समजत होते. मला रडू आलं. त्याला ऐकू गेलं असणार, पण मी लपवलं नाही.

"मुलाखतीची तारीख घे," मी म्हटलं.